शून्य न लिहिणारे सर

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं, असं म्हणतात. वडगावकर सर अजून ठणठणीत आहेत, त्यामुळे माझी ती अडचण नाही.

सोलापुरात होटगी रस्त्याला एका दुमजली इमारतीत आमची पाणी तपासायची खाजगी लॅब होती. खाली टायरचं दुकान आणि वर आम्ही. वडगावकर सर तिथले प्रमुख होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी तिथे लागले, तेव्हा आईने देवापुढे पेढे ठेवले होते. पहिल्याच दिवशी सरांनी मला समोर बसवून एक रिपोर्ट पुढे सरकवला. विहिरीच्या पाण्याचा होता. शिशाच्या रकान्यात मी नुकतंच मोठ्या अक्षरात शून्य लिहिलं होतं.

"बाळ," सर म्हणाले. लॅबमधल्या सगळ्यांना ते बाळ म्हणत, पन्नाशीच्या शिपायालाही. "शून्य कधी लिहायचं नाही. शून्य म्हणजे दावा. उद्या कुणी कोर्टात उभं करून विचारलं, शून्य कशावरून, तर काय सांगशील? 'आढळले नाही' असं लिही. तो दावा नसतो."

मला त्या दिवशी ते फार थोर वाटले. घरी जाऊन मी आईला सांगितलंसुद्धा, की असा काटेकोर माणूस मी पाहिला नाही. काटेकोर ते होतेच. नखं रोज कापल्यासारखी, केस तेल लावून चापून बसवलेले. डब्यातली कडक भाकरी ते अशी मोडत की चारही तुकडे सारखे व्हायचे. रिपोर्टात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं त्यांना खपत नसे. आमच्या विषयावरचं बाहेर जे काही छापून येई, ते सगळं त्यांनी वाचलेलं असे, समासात पेन्सिलीने खुणा करून. म्हणून तर अज्ञानाची सवलत त्यांना देता येत नाही. न कळणाऱ्या माणसाचा मला कधी राग आला नाही. सरांना सगळं कळत होतं.

आमची बरीच कामं चिंचोळी एमआयडीसीतून येत. तिथे एक कारखाना शाळेच्या गणवेशाच्या कापडावर डाग न पडणारा थर चढवून द्यायचा. त्याचे मालक, शेठ, सरांचे मोठे भक्त. दिवाळीला त्यांच्याकडून त्या कापडाची पँट शिवून आली, आणि मग सरांना एक खेळच सापडला. कुणी पाहुणा आला की ते बोलता बोलता कपातला चहा स्वतःच्या मांडीवर सांडत. पाहुणा दचकून उठे. चहाचे थेंब पाऱ्यासारखे घरंगळत खाली जमिनीवर पडत आणि पँट कोरडी ठणठणीत. "विज्ञान!" सर म्हणायचे. पाहुणा हसायचा, आम्ही हसायचो आणि शिपाई फडकं घेऊन जमीन पुसायचा. हे मी किती वेळा पाहिलं असेल ते देव जाणे. प्रत्येक वेळी सर तितकेच खूश.

तो थर ज्या रसायनांचा असतो, त्यांच्यात फ्लोरीन असतं. पाणी, तेल, ऊन, जंतू, कशालाच ती दाद देत नाहीत. म्हणून कापडावर डाग पडत नाही, आणि म्हणूनच ती एकदा नाल्यात गेली की संपत नाहीत. जमिनीत उतरतात, विहिरीत येतात, माणसाच्या रक्तात जाऊन बसतात. घातक ठरायला त्यांना फार मोठं प्रमाण लागत नाही. ती शोधायची म्हणजे सिद्धेश्वर तलावात चिमूटभर साखर टाकायची आणि काठावर बसून पाणी किती गोड झालं ते सांगायचं. तेवढी गोडी कळणारं यंत्र मोठ्या शहरांतल्या मोजक्या संस्थांकडे असतं. आमच्या यंत्राला पोतं ओतल्याशिवाय चव लागत नसे. तरीही सरांनी दरपत्रकात ती तपासणी घालून ठेवली होती. उत्तर आधीच माहीत असलेली तपासणी करायला त्यांना फार आवडे.

शालनबाई आमच्याकडे आल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडाला. कारखान्याच्या मागच्या वस्तीवर त्यांची खाणावळ होती. एमआयडीसीतले कामगार सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे जेवायचे. स्वयंपाकाला, प्यायला पाणी स्वतःच्या विहिरीचं. त्यांनी ते एका कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं.

"सायेब, नाल्याला लई फेस येतोय," त्या म्हणाल्या. "पांढराफेक. पावसाळ्यात हिरीतबी तरंगतोय. माझी पोरगी कालेजात शिकती. ती म्हनती, त्या कापडाला कसलं तरी औषध लावत्यात, ते कधी मरत न्हाय. खरं हाय का?"

"ते यंत्र सांगेल," सर म्हणाले. शालनबाईंना चहा दिला. खेळ मात्र करून दाखवला नाही.

आठवड्याने मी रिपोर्ट टाइप केला. 'आढळले नाही.' शालनबाईंनी तो घेतला. अक्षरं जुळवत सावकाश वाचला, आणि मग थेट सरांकडे बघितलं.

"म्हंजी पान्यात न्हाय, का तुमाला घावलं न्हाय?"

लॅबमध्ये त्या वेळी आम्ही तिघं-चौघं होतो. सगळ्यांचे हात थांबले. शिकल्या-सवरलेल्या गिऱ्हाइकांपैकी आजवर एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ताई, दोन्ही एकच असतं."

"एक कसं असंल? माझी कानातली कुडी घरात घावली न्हाय म्हंजी ती घडिवलीच न्हवती व्हय?"

सर हसले आणि शिपायाला म्हणाले, "ताईंना खालपर्यंत सोडून ये." त्या गेल्यावर आमच्याकडे वळून ते म्हणाले, "पाहिलंत? भीती कशी पसरते." आणि मी, एम.एस्सी. पहिला वर्ग, मान हलवली.

शालनबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या ग्रामपंचायतीत गेल्या, तिथून तालुक्याला गेल्या. त्यांच्याकडे जेवणारी पोरंही बोलायला लागली. शेवटी पंचायतीने ठराव केला की विहिरीचं पाणी मोठ्या यंत्रावर तपासून घ्यावं. शेठ म्हणाले, खुशाल घ्या, फक्त नमुना मान्यताप्राप्त माणसाने घ्यावा. म्हणजे कुणी, ते सांगायची गरज नव्हती.

आता हे नमुना घेण्याचं काम कसं असतं ते सांगायला हवं, नाहीतर सरांची करामत कळणार नाही. ही रसायनं आपल्या अवतीभवती सगळीकडे असतात. रेनकोटवर, न चिकटणाऱ्या तव्यावर, काही क्रीममध्ये, नळाच्या जोडाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपमध्ये. इतकं बारीक मोजायचं, तर नमुना घेणाऱ्याच्या अंगावरचं काही बाटलीत पडता कामा नये. म्हणून धुऊन धुऊन विटलेले सुती कपडे घालायचे, क्रीम लावायचं नाही. आणि सोबत एक बाटली पूर्ण शुद्ध पाण्याची न्यायची. विहिरीवर ती उघडायची, तेच सोपस्कार करून बंद करायची आणि नमुन्याबरोबर पाठवायची. तिला आम्ही ब्लँक म्हणतो. ब्लँकमध्ये काही निघालं नाही, तर समजायचं, विहिरीत जे निघालं ते विहिरीचंच. ब्लँकमध्येही निघालं, तर सगळं मुसळ केरात.

हे सगळं मला कुणी शिकवलं? वडगावकर सरांनीच. फळ्यावर आकृत्या काढून, दोन तास. इतकं सुंदर मला कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं.

त्या सकाळी गाडीपाशी मी विटक्या सुती पंजाबी ड्रेसमध्ये उभी होते. नमुने गोळा करणारे आमचे रफिकभाई घरचा जुना कुडता घालून आले होते. सर जिना उतरून आले. अंगात नवं कोरं पावसाळी जॅकेट, खाली ती दिवाळीची पँट. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"सर, जॅकेट..." मी म्हणाले.

"उन्हाचा त्रास होतो बाळ, हल्ली."

विहिरीवर पंचायतीची माणसं, शालनबाई, त्यांची मुलगी, सगळी उभी होती. विहिरीचा नमुना सरांनी मला घेऊ दिला. ब्लँकची बाटली मात्र स्वतःच्या हातात घेतली. टोपण उघडलं. जॅकेटची बाही त्या तोंडावरून अशी दोनदा फिरवली, जणू माशी हाकलतायत. मग बाटली मांडीवर टेकवून, टोपण हातात धरून ते सरपंचांना ब्लँक म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. छान समजावलं. सरपंच म्हणाले, "असं शास्त्रशुद्ध काम हवं."

निकाल आला. विहिरीत सापडलं होतं. ब्लँकमध्येही सापडलं होतं.

सरांनी पंचायतीत उभं राहून तो निकाल वाचला, आणि आवाजात खेद आणून म्हणाले, "शुद्ध पाण्यातसुद्धा निघतंय. म्हणजे विहिरीतलं कुठून आलं, हे प्रामाणिक शास्त्रज्ञ सांगूच शकत नाही. नमुना ग्राह्य धरता येणार नाही." प्रामाणिक या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला. शालनबाईंची मुलगी काही विचारायला उठली, तर कुणीतरी तिला खाली बसवलं. अग्राह्यतेच्या त्या कागदावर नमुना घेणारी म्हणून माझी सही आहे. ती मी केली. वडगावकर सरांबद्दल इतकं लिहिताना हेही लिहिलं पाहिजे.

परत येताना गाडीत मी विचारलं, "सर, तुम्ही मुद्दाम केलंत?"

ते खिडकीबाहेर बघत होते. जराही चिडले नाहीत. "सिद्ध कर बाळ," म्हणाले. मग थोड्या वेळाने, पुन्हा शिकवण्याच्या सुरात, "यात सगळी गंमतच ती आहे. काही निघालं नाही तर यंत्राची नजर कमी, निघालं तर हात अस्वच्छ. आणि अशी हजारो रसायनं आहेत. तुलनेला नमुना असतो मूठभरांचा. ज्या चोराचा फोटो ठाण्यात नाही, त्याला पोलीस ओळखणार कसा?" एवढं बोलून ते खुदकन हसले. मला त्या हसण्याची शिसारी आली ती आजतागायत गेलेली नाही. मोजणं किती अवघड आहे, याची खंत मी पुष्कळ शास्त्रज्ञांच्या तोंडून ऐकली आहे. त्याचा आनंद झालेला माणूस मी एकच पाहिला.

लॅबपाशी उतरल्यावर रफिकभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, सरांकू सब मालूम है. कायकू पूछते उनकू? हमीच जाऊ या की एक दिवस."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो. रफिकभाई, मी, शालनबाई आणि पंचायतीतले दोघं साक्षीला. या वेळी ब्लँक एक नाही, तीन नेले. माझी वर्गमैत्रीण सुमेधा दुसऱ्या शहरात एका संस्थेत होती, तिच्याकडे तसलं यंत्र होतं. तिने दोनदा तपासलं. तिन्ही ब्लँक स्वच्छ. विहीर नाही.

कागद घेऊन मी आधी सरांच्या केबिनमध्ये गेले. लपवायचं नव्हतं. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. पेन्सिल हातात होती, पण खूण करायला जागा मिळाली नाही.

"चांगलं काम केलंयस," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, हे त्यातलं सगळ्यात वाईट. "उद्यापासून येऊ नकोस."

त्या निकालाने काय झालं? विहिरीचं पाणी पिणं बंद झालं, वस्तीला पाइपलाइन आली, शालनबाईंकडे जेवणाऱ्या पोरांना नळाचं पाणी मिळालं. एवढं झालं. कारखान्याला काही झालं नाही. पंचायतीच्या तक्रारीवर सुनावणी झाली, तिथे सर शेठच्या बाजूने उभे राहिले आणि म्हणाले, सापडलं असेल, पण ते किती असावं याची मर्यादा दाखवा. अशी मर्यादा आपल्याकडे कुठल्या नियमात लिहिलेलीच नव्हती. पुढे शेठनी रसायन बदललं. नवं कुठलं, कुणाला ठाऊक नाही. शालनबाई त्या दिवशी सुनावणीतून बाहेर आल्या आणि पायरीवर बसून म्हणाल्या, "त्या मानसाला येवढं शिकवलं कुनी?"

मी एका कॉलेजात शिकवायला लागले. सुट्टीच्या दिवशी सुमेधाच्या संस्थेसाठी विहिरींचे, बोअरचे नमुने गोळा करून पाठवायचे. रफिकभाईही नोकरी सोडून मुलाची रिक्षा चालवू लागले होते. ते सोबत यायचे. सरांचं नाव अधूनमधून कानावर पडे. निवृत्त झाले, पुणे रस्त्याला चिंचोळीच्या अलीकडे एका कॉलनीत बंगला बांधला, वगैरे.

मागच्या हिवाळ्यात ते स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. "बाळ, ओळखलंस?"

हातात थर्माकोलचा डबा. मी उठले नाही. त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवून उघडला. आत बर्फ, बर्फात बाटल्या. अशा नमुन्यासाठी लागतात त्याच प्लास्टिकच्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ, नळ किती वेळ सोडून ठेवला ते, सगळं त्या सुबक अक्षरात. प्रत्येक नमुन्याची जोडी. तीन ब्लँक. सरांच्या अंगात कॉलर विरलेला सुती सदरा होता.

"घरच्या बोअरचं आहे," ते म्हणाले. "सुमेधाबाईंकडे पाठवशील? रिपोर्ट वगैरे नको. नुसता आकडा सांग. खरा."

मला हसू आलं, पण ते हसण्यासारखं नव्हतं. इतका निर्दोष नमुना मी स्वतःसुद्धा कधी घेतला नव्हता. म्हणजे या माणसाला आयुष्यभर येत होतं. डबा खिडकीतून फेकून द्यावा असं वाटलं. पण पाण्याचा काही दोष नव्हता, म्हणून पाठवला.

निकाल आल्यावर त्यांना बोलावून घेतलं. आकडा सांगितला. शालनबाईंच्या विहिरीपेक्षा थोडाच कमी.

"ब्लँक?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही स्वच्छ. तुम्हीच घेतले होते."

त्यांनी कागद मागून घेतला आणि बारीक घडी करून खिशात ठेवला.

"सर, कॉलनीत सगळ्यांची बोअर एकाच पट्ट्यातली आहे. त्यांना सांगायला हवं."

"छे, छे. त्यांना कशाला? उगाच घबराट. माझं मी बघतो." दारापाशी जाऊन ते परत वळले. "आणि आपल्या दोघांत राहू दे हे."

त्यांनी माझं न बोलणं होकार समजून घेतलं.

त्या रविवारी मी आणि रफिकभाई बाटल्यांची पेटी घेऊन त्या कॉलनीत गेलो. कोपऱ्यापासून सुरुवात केली. लोक चांगले होते, कुणी शिक्षक, कुणी बँकेतले. आम्ही कोण, कशासाठी, हे ऐकून घेत, नळ दाखवत. पाचवा बंगला वडगावकरांचा. दार काकूंनी उघडलं. लॅबच्या पूजेला मी त्यांना एकदा पाहिलं होतं, त्यांना मी आठवत नव्हते. त्यांच्या मागे हॉलमध्ये सर आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले होते. आमच्यावर नजर पडताच त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मी काकूंना पाण्याचं सांगितलं. "अगं, आमचं नको घेऊस," त्या कौतुकाने म्हणाल्या. "हे स्वतः त्यातलेच ना. मागच्याच आठवड्यात मोठ्या ठिकाणी तपासून आणलं यांनी. काही आढळलं नाही."

"मग तुम्ही बोअरचंच पिता?"

"मी पिते की. स्वयंपाकालाही तेच. यांना तेवढं हल्ली सोसत नाही गं, डॉक्टरांनी विकतचं सांगितलंय. ते बघ, जार आणलाय त्यांना."

रफिकभाईंनी पेटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. पेपर हलत नव्हता.

"काकू," मी म्हणाले, "ते तपासायला सर माझ्याकडेच आले होते. मी पाठवलं होतं. पाण्यात सापडलंय. हे पिऊ नका."

त्या हसत होत्या, ते हसू तसंच राहून गेलं. मग त्या मागे वळल्या. "अहो, ही काय म्हणते?"

सरांनी पेपर खाली घेतला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, काकूंकडेही नाही. पेपराची चौकोनी घडी घातली, ती खुर्चीच्या हातावर नीट ठेवली, उठले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

काकूंनी पदर खोचला आणि माझ्या हातातून बाटली घेतली.

"कुठला नळ उघडू?" त्यांनी विचारलं.